‘राइट-ऑफ’ म्हणजे कर्जमाफी नव्हे: एका फिरत्या मेसेजला वसुली खात्यातून उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. शाळेचा ग्रुप, सोसायटीचा, भावकीचा आणि चौथा जुन्या बँक सहकाऱ्यांचा. या चौथ्यावर तो आला तेव्हा मात्र राहवलं नाही. ज्यांनी आयुष्यभर ताळेबंद जुळवले, त्यांनीही तो न वाचता पुढे ढकलला होता.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: “सरकारनं उद्योगपतींची १४ लाख कोटींची कर्जं माफ केली. हा पैसा तुमच्या-आमच्या ठेवींचा होता. शेतकऱ्याला आणि छोट्या दुकानदाराला कर्ज मिळत नाही, कारण रिझर्व्ह बँक बँकांना कोट्यवधींचं भांडवल तिजोरीत कोंडून ठेवायला लावते. आणि एवढे नियम असूनही पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँक बुडालीच. नियम फक्त कागदावर.”

मी बावीस वर्षं एका नागरी सहकारी बँकेत होतो, त्यातली बहुतेक वसुली विभागात. या मेसेजमागचा राग मला परका नाही. पण तो चुकीच्या दारावर जाऊन आदळतो, आणि ज्यांनी उत्तर द्यायला हवं ते त्यामुळे सुटतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“१४ लाख कोटी माफ केले.”

आकडा खोटा नाही. सरकारनंच संसदेत दिलेल्या उत्तरानुसार २०१४-१५ ते २०२२-२३ या नऊ वर्षांत शेड्यूल्ड वाणिज्य बँकांनी १४.५६ लाख कोटी रुपयांची कर्जं राइट-ऑफ केली. त्यातली मोठ्या उद्योग व सेवा क्षेत्राची ७.४१ लाख कोटी, म्हणजे निम्म्याच्या जराशी वर. उरलेल्यात इतर सगळे कर्जदार आले. ‘उद्योगपतींची १४ लाख कोटी’ इथंच अर्धं गळून पडतं.

पण खरी गफलत ‘माफ’ या शब्दात आहे. कर्जमाफी कशी असते ते महाराष्ट्राला सांगायला नको. २०१७ मध्ये दीड लाखापर्यंतची आणि २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी झाली, तेव्हा सरकारनं तिजोरीतून बँकेला पैसे दिले आणि पात्र शेतकऱ्याचं तेवढं देणं संपलं. राइट-ऑफमध्ये यातलं काहीच होत नाही. सहकारात आम्ही त्याला निर्लेखन म्हणतो. खातं थकलं, ९० दिवस उलटले की ते एनपीए, म्हणजे उत्पन्न न देणारं थकीत कर्ज, होतं. मग बँक दरवर्षी त्या खात्यापोटी तरतूद करते, म्हणजे संभाव्य तोटा नफ्यातून वजा करते: आधी थोडी, मग जास्त, शेवटी शंभर टक्के. तरतूद पूर्ण झाली की कर्ज आणि तरतूद हे दोन्ही आकडे ताळेबंदातून एकदम काढले जातात. त्या दिवशी बँकेचा एक रुपयाही जात नाही, तो आधीच्या वर्षांत गेलेला असतो. आणि कर्जदाराच्या नावावरची बाकी जशीच्या तशी राहते.

हे मी कागदावरून सांगत नाही. इचलकरंजीतल्या एका यंत्रमागाच्या खात्याची फाइल माझ्याकडे होती. मूळ कर्ज अठरा लाख. माग बंद पडले, सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला मिळाला, जप्तीला विकत घ्यायला कोणी आलं नाही. तरतूद पूर्ण झाल्यावर सर्वसाधारण सभेच्या मंजुरीनं ते निर्लेखित झालं. दोन महिन्यांनी वसुली अधिकाऱ्याबरोबर मी त्याच घराच्या दारात उभा होतो. कर्जदाराच्या बायकोनं विचारलं, “साहेब, कर्ज रद्द झालं म्हणून अहवालात छापलंय ना?” तिला समजावताना माझी जीभ जड झाली होती. जामीनदार होते एक माध्यमिक शिक्षक. त्यांच्या पगारातून दरमहा कपात होत होती, निर्लेखनाआधीही आणि नंतरही, थेट निवृत्तीपर्यंत. त्यांनी कधी माग चालवला नव्हता. मित्राच्या कागदावर एक सही केली होती, एवढंच.

आता या शिक्षकांच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. त्याच नऊ वर्षांत राइट-ऑफ केलेल्या कर्जांतून वसूल झाले सुमारे २.०५ लाख कोटी. एकावर एक मांडले तर शंभरातले चौदा. औरंगाबादेत घडलेला व्हिडिओकॉन समूह आठवा. दिवाळखोरीत धनकोंचे दावे सुमारे ६५ हजार कोटींचे, आणि जून २०२१ मध्ये कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठानं मंजूर केलेला खरेदीचा प्रस्ताव होता २,९६२ कोटींचा. जानेवारी २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणानं तो निर्णय रद्द केला, पण एवढ्या किमतीला धनको बँका राजी झाल्या होत्या हे विसरण्यासारखं नाही. चीड यायची तर इथं यायला हवी. शिक्षकाकडून शेवटचा रुपया वसूल करणारी यंत्रणा मोठ्या खात्यापुढे शंभरातल्या पाचांवर समाधान मानायला तयार होते. ‘माफ केलं’ म्हणून बोंब मारली की बँक शांतपणे म्हणते, “माफ नाही केलं, वसुली चालू आहे,” आणि वाद तिथंच संपतो. “चौदाच का आले?” असं विचारलं तर तिला बोलावं लागेल.

“तो पैसा ठेवीदारांचा होता.”

इथं भांडवल म्हणजे काय ते आधी समजून घ्यावं लागतं. समजा बँकेनं १०० रुपये कर्जाऊ दिले. त्यातले ९० ठेवीदारांचे, १० भागधारकांचे आणि राखीव निधीचे. चार रुपये बुडाले. कोणाचे बुडाले? भागधारकांचे. त्यांचे १० होते ते ६ उरले. ठेवीदाराचे ९० शाबूत. बारा बुडाले तर मात्र १० चं भांडवल संपून दोन रुपयांचा फटका ठेवीला बसतो. भांडवल पर्याप्ततेचा सगळा नियम एवढ्याचसाठी आहे: तोटा आधी कोणी सोसायचा, ते आधीच ठरवून ठेवायचं.

सहकारी बँकेतून कर्ज घेतलेल्यांना आठवत असेल, मंजूर रकमेतून अडीच किंवा पाच टक्के शेअर्ससाठी कापून घेत. “माझेच पैसे मला कमी का देता?” हे मी काउंटरवर शेकडो वेळा ऐकलंय. तेच ते भांडवल. ठेवीदाराच्या पुढे उभी केलेली भिंत.

सरकारी बँकांत या सगळ्या घोळात ठेवीदाराचा पैसा बुडाला नाही. पण भिंत खचली, आणि ती बांधून दिली मालकानं. मालक म्हणजे सरकार. २०१६-१७ ते २०२०-२१ या पाच वर्षांत सरकारनं बँकांमध्ये ३ लाख १० हजार ९९७ कोटी रुपये घातले, त्यातले २ लाख ७६ हजार कोटी रोखे काढून. त्या रोख्यांचं व्याज दरवर्षी अर्थसंकल्पातून जातं. तेव्हा मेसेज लिहिणाऱ्याला एवढं मान्य करतो की सामान्य माणसाचा पैसा गेला. मात्र तो ठेवीदार म्हणून नव्हे, करदाता म्हणून गेला. हा फरक शब्दांचा नाही. ठेव बुडेल या भीतीनं माणूस सरकारी बँकेतून पैसे काढतो आणि जास्त व्याज देणाऱ्या एखाद्या कच्च्या ठिकाणी ठेवतो. असे किती जण मी पाहिले, सांगवत नाही.

“भांडवल तिजोरीत कोंडून ठेवतात, म्हणून गरिबाला कर्ज नाही.”

हे तर साफ चूक. बँकेला रोख बाजूला ठेवावी लागते ती सीआरआरची, म्हणजे ठेवींच्या ठरावीक टक्क्यांइतकी, आणि तीही रिझर्व्ह बँकेकडे. २०२५ मध्ये ती टप्प्याटप्प्यानं ४ वरून ३ टक्क्यांवर आणली. भांडवलाच्या नियमाचा, म्हणजे सीआरएआरचा (जोखमीनुसार मोजलेल्या कर्जांच्या तुलनेत भांडवल किती टक्के), तिजोरीशी संबंध नाही. भांडवल ताळेबंदाच्या डाव्या बाजूला असतं, पैसा कुठून आला त्या बाजूला. भागधारकाचा रुपयाही कर्जातच गेलेला असतो. तो कुठे पडून नाही. फक्त तो परत मागायचा हक्क सगळ्यांच्या शेवटी येतो.

आणि सगळ्या कर्जांना सारखं भांडवल लागत नाही. भांडवल मोजताना कर्जाची रक्कम किती टक्के धरायची, तो जोखीम भारांक. सरकारी रोख्यावर तो शून्य. गृहकर्जाला बहुतांशी ३५ किंवा ५० टक्के. मर्यादेत बसणाऱ्या लहान उद्योगांच्या कर्जांना ७५ टक्के. विनातारण वैयक्तिक कर्जांचा भारांक रिझर्व्ह बँकेनं १६ नोव्हेंबर २०२३ ला १०० वरून १२५ केला. मोठ्या बँकांना राखीव उशीसह (अडचणीच्या काळासाठीच्या जादा भांडवलासह) किमान ११.५ टक्के भांडवल लागतं असं धरून हिशेब करा: दुकानदाराच्या शंभर रुपयांच्या कर्जाला साडेआठ-पावणेनऊ रुपये भांडवल, आणि मोबाईलवर पाच मिनिटांत मिळणाऱ्या वैयक्तिक कर्जाला चौदाच्या वर. म्हणजे नियमाचं माप दुकानदाराच्या बाजूनं आहे. शिवाय मार्च २०२५ ला वाणिज्य बँकांचं सरासरी सीआरएआर होतं १७.३ टक्के. हात भांडवलानं बांधलेले नाहीत. मग दुकानदाराला कर्ज का मिळत नाही? कारण त्याची फाइल बनवायला, दुकान पाहायला, माल मोजायला माणूस लागतो, आणि शाखांतली ती माणसं कमी झाली. मोबाईलवरच्या कर्जाला माणूस लागत नाही. भांडायचं तर त्यावर भांडू.

नियम कर्ज थांबवतात ते वेगळ्या वेळी, बँक कमजोर झाल्यावर. पुण्याच्या बँक ऑफ महाराष्ट्रला जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेनं त्वरित सुधारणा चौकटीत, म्हणजे पीसीएमध्ये टाकलं. मार्च २०१८ ला तिचा ढोबळ एनपीए, म्हणजे एकूण कर्जांत थकीत कर्जांचा वाटा, १९ टक्क्यांच्या वर होता. त्या काळात कर्जवाटपाला लगाम लागला, आणि तेव्हा ‘बँक बंद होणार’ असे मेसेज अशाच ग्रुपांवर फिरले होते. जानेवारी २०१९ मध्ये बँक त्यातून बाहेर पडली, आणि मार्च २०२५ ला ढोबळ एनपीए १.७४ टक्के होता. लगाम लावला म्हणून गाडी कड्यावरून गेली नाही.

“पीएमसी बुडाली, म्हणजे नियम कागदावर.”

या मुद्द्यापुढे मी मान खाली घालून उभा राहतो. २४ सप्टेंबर २०१९ ला पीएमसीच्या शाखांसमोर लोक जमले तेव्हा सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढता येतील असं त्यांना कळलं. लेकीच्या लग्नाचे, शस्त्रक्रियेचे, सोसायटीच्या दुरुस्तीचे पैसे त्या बँकेत होते. आणि त्याच वर्षीच्या मार्चअखेरच्या अहवालात या बँकेनं काय छापलं होतं? सीआरएआर १२.६२ टक्के, ढोबळ एनपीए ३.७६ टक्के. उत्तम बँक!

प्रत्यक्षात सुमारे ८,८८० कोटींच्या कर्जांपैकी ६,५०० कोटींच्या आसपास, म्हणजे ७३ टक्के, एकाच बांधकाम समूहाकडे होते. ते लपवायला २१ हजारांवर बनावट खाती उभी केली होती. तेव्हाच्या नियमानुसार एका समूहाला भांडवली निधीच्या ४० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येत होतं. कर्जांच्या नव्हे, भांडवलाच्या ४० टक्के. नियम पाळला असता तर तो समूह बुडूनही बँक उभी राहिली असती. खरी खाती समोर आल्यावर मार्च २०२० ला नक्त मूल्य (मालमत्ता वजा देणी) निघालं उणे ५,८०० कोटींहून अधिक.

सीआरएआर हा भागाकार आहे. खालचं कर्ज चांगलं की थकलेलं हे खोटं सांगितलं की वरचं उत्तर खोटंच येणार. दोष भागाकाराचा नाही. खोटी खाती ज्यांनी उघडली, ज्यांना लेखापरीक्षणात ती दिसली नाहीत आणि ज्या तपासणीतून ती वर्षानुवर्षं सुटली, त्या सगळ्यांचा आहे. यात नियामकही आले. त्यांना मी सोडत नाही. इथं भांडवलानंतर खरोखर ठेवीदाराची पाळी आली: जानेवारी २०२२ मध्ये पीएमसी युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, आणि पाच लाखांवरची रक्कम हप्त्यांनी, दहा वर्षांपर्यंत, असं ठरलं. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षं.

त्यानंतर काही बदललं. ठेव विमा ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखाचा पाच लाख झाला. निर्बंध आले तर ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची, असा कायदा २०२१ मध्ये झाला. नागरी बँकांना एका कर्जदाराला पहिल्या स्तराच्या, म्हणजे मुख्य भांडवलाच्या १५ टक्के आणि समूहाला २५ टक्के, ही मर्यादा मार्च २०२० मध्ये आली. छोट्या बँका सोडून बाकीच्यांना किमान सीआरएआर १२ टक्के झालं. ठेव विम्याची पाच लाखांची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदाराला, मुद्दल आणि व्याज धरून असते. चार शाखांत चार एफडी केल्या म्हणून वीस लाख होत नाहीत.

ऑगस्ट-सप्टेंबरात तुमच्या बँकेची सर्वसाधारण सभा असेल. अहवाल घरपोच येतो, बहुतेकांकडे तो रद्दीत जातो. या वर्षी मागची पानं उघडा. लेख्यांच्या टिपांमध्ये ‘सर्वांत मोठे वीस कर्जदार’ अशी एक ओळ असते, एकूण कर्जांत त्यांचा वाटा किती टक्के ते तिथं छापलेलं असतं. मागच्या वर्षीचा आकडा शेजारीच असतो. तो वाढला असेल तर हात वर करा, माइक मागा आणि का वाढला ते विचारा. मी सभागृहाच्या त्या बाजूला, मंचावर बसलेल्यांच्या मागे, बावीस सभा उभा राहिलो. हा प्रश्न मला एकदाच ऐकू आला, आणि त्या दिवशी मंचावरच्या सगळ्यांनी आपापले कागद चाळायला घेतले.