घोड्याच्या पांढऱ्या पेशी खरोखरच ‘विष पचवतात’ का?

घोडेमालकांच्या मोबाइलवर एक मजकूर वरचेवर फिरत असतो. त्याचा आशय असा: घोड्याच्या पांढऱ्या पेशी जीवाणूंचे कोणतेही विष पचवतात, म्हणूनच धनुर्वाताचे प्रतिविष घोड्यापासून मिळवतात; पोटशूळ झालेल्या घोड्याच्या रक्तात या पेशी कमी आढळल्या, तर संसर्ग नाही असे समजावे; आणि तरीही शंका वाटलीच, तर अँटिबायोटिक टोचून मोकळे व्हावे. तिन्ही विधाने चुकीची आहेत आणि त्यांतले दुसरे जनावराच्या जिवावर बेतणारे आहे.

धनुर्वाताच्या विषाला सहज बळी पडणाऱ्या पाळीव प्राण्यांत घोडा अग्रभागी आहे. टापेत खिळा घुसला की पशुवैद्य आधी धनुर्वाताच्या लसीची चौकशी करतात, ती उगाच नव्हे. बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी १८९० मध्ये प्रतिविषाचे तत्त्व मांडल्यानंतर पुढे घोड्याची निवड झाली, ती मुख्यतः त्याच्या देहाच्या आकारामुळे, कारण एका वेळी काही लिटर रक्त काढले तरी तो ते सोसतो. त्याला टोचतात ते निष्प्रभ केलेले किंवा अत्यल्प मात्रेपासून वाढवत नेलेले विष. त्यावर लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी प्रतिपिंडे (विषाला निकामी करणारी प्रथिने) घडवतात आणि ती केवळ त्याच विषावर चालतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे सर्पदंशावरील औषधही याच तत्त्वावर बनते. यात उपजत विष पचवण्याचा भाग कोठेच नाही.

खरा घोळ ‘पेशी कमी म्हणजे संसर्ग नाही’ या दुसऱ्या विधानात आहे. घोड्याच्या अंधनालात (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत) आणि पुढच्या मोठ्या आतड्यात ग्रॅम-निगेटिव्ह या गटातील जीवाणूंचा प्रचंड साठा असतो व त्यांच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड हा मेद-शर्करायुक्त घटक म्हणजेच एंडोटॉक्सिन हे विष होय. आतड्याचे अस्तर शाबूत असेपर्यंत त्यातले थोडेफारच रक्तात उतरते आणि यकृत ते निपटते. पण आतड्याला पीळ पडला किंवा घोड्याने धान्याच्या पोत्यात तोंड घालून भरमसाट दाणे खाल्ले, की हा बांध फुटतो. प्रयोगांत वजनाच्या किलोमागे अवघे ३० नॅनोग्रॅम एंडोटॉक्सिन शिरेतून दिले, तरी घोड्याला ताप चढतो आणि नाडी वाढते. उंदीर याहून कितीतरी मोठी मात्रा सोसतो. मोनोसाइट आणि मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावरील टीएलआर-४ हा ग्राहक एंडोटॉक्सिन ओळखतो आणि या पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन यांसारखी दाह भडकवणारी द्रव्ये इतक्या आवेगाने सोडतात, की रक्तवाहिन्या पाझरू लागतात, रक्तदाब ढासळतो आणि रक्तात गाठी होऊ लागतात.

या धुमश्चक्रीत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात, विशेषतः फुफ्फुसांत, आणि ऊतींत शिरतात. म्हणून नळीत घेतलेल्या रक्ताच्या नमुन्यात त्या दिसत नाहीत. निरोगी घोड्यात मायक्रोलिटरमागे साधारण ५,५०० ते १२,५०० पांढऱ्या पेशी असतात. तीव्र एंडोटॉक्सिन बाधेत हा आकडा काही तासांत ३,००० च्याही खाली जाऊ शकतो. काचपट्टीवर पाहिले, तर उरलेल्यांत अपक्व, पट्टीसारख्या केंद्रकाच्या पेशी वाढलेल्या असतात आणि त्यांचा पेशीद्रव निळसर, फेसाळ दिसतो. पुढे अस्थिमज्जेतून नवी कुमक आली, की हाच आकडा उलट वर उसळतो. तेव्हा पोटशूळात संख्या घटणे ही धोक्याची खूण आहे. सोबत हिरड्यांवर दातांलगत जांभळी रेघ उमटली असेल, तर सकाळपर्यंत वाट पाहणे परवडत नाही.

राहिले अँटिबायोटिक. ते जीवाणू मारते, विष नाही. उलट फुटणाऱ्या जीवाणूंतून आणखी एंडोटॉक्सिन मोकळे होऊ शकते. पशुवैद्य शिरेतून द्रव देतात, फ्लुनिक्सिन या वेदनाशामकाने दाह आवरतात, प्रसंगी पॉलिमिक्सिन-बी हे अँटिबायोटिक अल्प मात्रेत वापरतात, कारण ते एंडोटॉक्सिनला प्रत्यक्ष बांधून ठेवते, आणि लॅमिनायटिसच्या (टापेच्या आतील दाहाच्या) भीतीने टापा बर्फात ठेवतात. रक्तपुरवठा तोडणारा पीळ पडला असेल, तर मात्र शस्त्रक्रियेखेरीज गत्यंतर नसते.