आयडब्ल्यूजीपी बेल्ट होगनपासून सुरू झाला नाही आणि लेसनरपाशी संपलाही नाही

जपानमधल्या सगळ्यात मोठ्या रेसलिंग टायटलवरची एक पोस्ट सध्या जिकडेतिकडे फॉरवर्ड होतेय, मलाच तीन ग्रुपवर आली. त्यात म्हटलंय की आयडब्ल्यूजीपी हेवीवेटचा पहिला चॅम्पियन हल्क होगन, साल १९८३. मग जपान्यांनी तो बेल्ट बाहेरच्या कुणाला मिळूच दिला नाही, शेवटी २००५ मध्ये ब्रॉक लेसनरने जिंकला आणि घेऊन पळाला, म्हणून टायटलच बंद करावं लागलं. आणि नाहीतरी सगळं आधीच ठरलेलं असतं, त्याचा कसला आलाय इतिहास! पहिल्या तीन गोष्टी साफ चुकीच्या आहेत, चौथीत अर्धं खरं आहे आणि तीच मला सगळ्यात जास्त लागली, पण क्रमाने घेतो.

होगनच्या हातात बेल्ट असलेला जो फोटो पोस्टला जोडलाय तो खोटा नाही, म्हणून तर लोक फसतात. झालं असं की न्यू जपान ही रेसलिंग कंपनी काढणाऱ्या अंतोनियो इनोकीच्या डोक्यात होतं की जगभर इतकी वर्ल्ड टायटलं आहेत, त्यातून खरा एकच कोण ते ठरवूया, त्यासाठी त्याने स्वतःचं एनडब्ल्यूएफ टायटल १९८१ मध्ये सोडलं. त्यातून १९८३ ची आयडब्ल्यूजीपी लीग उभी राहिली. २ जून १९८३, टोकियोचं कुरामाए कोकुगिकान, फायनल इनोकी विरुद्ध होगन. ही स्पर्धाच इनोकीची, त्यामुळे तोच जिंकणार असं लोक धरून चाललेले, आणि रिंगच्या कडेला उभ्या इनोकीला होगनने ॲक्स बॉम्बर, म्हणजे वाकवलेल्या हाताचा जोरदार फटका मारला, इनोकी खाली पडला तो उठलाच नाही, जीभ बाहेर आलेली, तिथून थेट हॉस्पिटल. होगन जिंकला, त्याला बेल्ट मिळाला. पण ती होती दरवर्षीची स्पर्धा. आपल्याकडे महाराष्ट्र केसरीची गदा त्या वर्षीच्या विजेत्याला मिळते ना, साधारण तसं. वर्षभर आव्हानं घेत फिरायचं आणि हरला तर बेल्ट तिथेच दुसऱ्याच्या कमरेला, असं ते नव्हतं. १९८४ मध्ये होगन आदल्या वर्षीचा विजेता म्हणून थांबला आणि लीग जिंकून आलेल्या इनोकीशी लढला. त्यात रिकी चोशू या दुसऱ्या रेसलरने मध्ये पडून घोळ घातला, काउंटआउटवर, म्हणजे होगन वेळेत रिंगमध्ये परतला नाही म्हणून, इनोकी जिंकला आणि पब्लिक इतकं भडकलं की हॉलमध्ये दंगा झाला.

नेहमी डिफेन्ड करायचं टायटल म्हणून आयडब्ल्यूजीपी हेवीवेट सुरू झालं १२ जून १९८७ ला, र्योगोकू कोकुगिकानमध्ये, इनोकीने फायनलला मासा साइतोला हरवलं तेव्हा. पहिला चॅम्पियन इनोकी. होगनचं १९८३ मोठंच आहे, ते कमी करायचं कारण नाही, पण चॅम्पियनांच्या यादीत त्याचं नाव येत नाही.

आता 'बाहेरच्यांना दिलाच नाही' हे. अहो, टायटल सुरू होऊन दोन वर्षं होत नाहीत तोच २४ एप्रिल १९८९ ला टोकियो डोममध्ये बिग व्हॅन व्हेडर हा अमेरिकन चॅम्पियन झाला, फायनलला शिन्या हाशिमोतोला हरवून, आणि तो न्यू जपानचा टोकियो डोममधला पहिलाच शो होता. महिन्याभरात व्हेडरला ओसाकात हरवलं सलमान हाशिमिकोव्हने, हा ग्रोझनीचा, सोव्हिएत युनियनचा फ्रीस्टाइल वर्ल्ड चॅम्पियन. नंतर १९९८ मध्ये स्कॉट नॉर्टन, २००४ मध्ये बॉब सॅप. म्हणजे लेसनरच्या आधीच चार जण झाले. पुढे एजे स्टाइल्स, केनी ओमेगा, जे व्हाइट आहेतच.

लेसनरचा भाग थोडा सावकाश सांगायला हवा कारण आपल्या पिढीला तो टेन स्पोर्ट्समुळे आणि ट्रम्प कार्डांमुळे घरचाच वाटतो. त्याने बेल्ट जिंकला ८ ऑक्टोबर २००५ ला, टोकियो डोममध्ये, काझुयुकी फुजिता आणि मासाहिरो चोनोबरोबरच्या थ्री-वे मॅचमध्ये. पळाला म्हणायचं तर त्यानंतर शिन्सुके नाकामुराशी आणि सुमोतला माजी योकोझुना (सर्वोच्च दर्जाचा पैलवान) आकेबोनोशी तो टायटल मॅच खेळलाय. जुलै २००६ मध्ये न्यू जपानने टायटल काढून घेतलं, त्यांनी व्हिसाचं कारण दिलं आणि लेसनरचं म्हणणं पैसे थकलेत. बेल्ट त्याच्याकडेच राहिला, 'पळाला'मधलं एवढंच खरं. पण टायटल दोन दिवसांच्या वर थांबलं नाही हो! १५ जुलैला काढून घेतलं आणि १७ जुलैला साप्पोरोत हिरोशी तानाहाशी जायंट बर्नार्डला हरवून चॅम्पियन झाला, तोच तानाहाशी जो एकूण आठ वेळा चॅम्पियन झाला.

लेसनरकडे राहिलेला तो बेल्ट पुढे कुठे गेला ते तर पोस्टमध्ये नाहीच. इनोकी तोवर न्यू जपानमधून बाहेर पडलेला, त्याने आयजीएफ ही नवी कंपनी काढली, तिच्या पहिल्या शोमध्ये २९ जून २००७ ला कर्ट अँगलने लेसनरकडून तो बेल्ट जिंकला. आणि १७ फेब्रुवारी २००८ ला शिन्सुके नाकामुराने, जो तेव्हा न्यू जपानचा चॅम्पियन होता, अँगलला हरवून दोन्ही बेल्ट एक केले. बेल्ट रिंगमध्येच परत आला. २०२१ मध्ये हेवीवेट आणि न्यू जपानचंच दुसरं टायटल इंटरकॉन्टिनेंटल जोडून वर्ल्ड हेवीवेट हे नवं टायटल झालं, तेव्हा चॅम्पियन कोता इबुशी होता. मध्ये पंधरा वर्षं गेलीत, लेसनरचा त्याच्याशी काय संबंध?

आणि ठरलेलं असतं, हो, असतं. पण म्हणून इतिहास नाही? बॉब सॅप चॅम्पियन असताना मे २००४ मध्ये के-वन या फाइटिंग कंपनीच्या शोमध्ये खऱ्या फाइटमध्ये फुजिताकडून हरला आणि जूनमध्ये त्याने टायटल सोडलं, कारण बाहेर खरोखर मार खाल्लेला माणूस आत अजिंक्य म्हणून उभा करणं जमेना. त्या काळात एमएमएने (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे खऱ्या लढती) जपानी रेसलिंगचा श्वास कोंडला होता आणि ते या चॅम्पियनांच्या यादीत सरळ दिसतं, कोणाला आणलं, का आणलं, किती दिवसांत काढलं. किंवा १९९५-९६ घ्या, यूडब्ल्यूएफआय ही दुसरी जपानी रेसलिंग कंपनी म्हणायची आमचंच रेसलिंग खरं, तुमचं नाटक. त्यांच्या नोबुहिको ताकादाला केइजी मुतोने टोकियो डोममध्ये फिगर फोरवर (पायांना पिळा घालायचा डाव) हार मानायला लावली, ज्याला ते नाटकी डाव म्हणायचे त्याच डावावर! मग ४ जानेवारी १९९६ ला ताकादाने मुतोकडून बेल्टच नेला, न्यू जपानचा बेल्ट बाहेरच्या कंपनीच्या माणसाकडे. २९ एप्रिलला हाशिमोतोने तो परत आणला आणि पुढे ४८९ दिवस सोडला नाही, तो रेकॉर्ड मोडायला काझुचिका ओकाडाला २०१७ उजाडावं लागलं.