घाई नको, आधी जुना कॉम्प्युटर मरू द्या

नवीन लॅपटॉप घेतलात ना? अभिनंदन. आता जुन्यातल्या फायली हलवायच्या भानगडीत लगेच पडू नका. जुना सुरू होतोय, पासवर्ड आठवतोय, सगळं उघडतंय, तोपर्यंत कसली कॉपी नि कसलं काय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून भाचा पुण्यातून बोंबलतोय, त्याला बोंबलू दे. जून लागू दे, दोन-चार गडगडाट होऊ देत, दिवसातून दहा वेळा लाईट जाऊन-येऊन करू दे, एक दिवस तो आपसूक बंद पडतो. मग कुणाकडून तरी त्याची हार्ड डिस्क काढून घ्या, केबल लावून नव्याला जोडा, आणि बसा.

फोल्डर सगळे दिसतात. हापूसच्या पेट्यांचा हिशोब, घरपट्टीच्या पावत्या, आजीचे फोटो. क्लिक केलंत की उत्तर येतं, तुम्हाला परवानगी नाही. आता चिडायचं. ओरडायचं की अरे माझ्याच फायली, नव्यावर पण युजरचं नाव तेच टाकलंय! पण विंडोज नावाला विचारत नाही हो, ते आतला एक लांबलचक नंबर बघतं, एसआयडी, जो एस-१-५-२१ असा सुरू होतो आणि प्रत्येक इन्स्टॉलेशनला वेगळा तयार होतो. सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव आहे आणि तुमचं आडनाव तेच आहे म्हणून तलाठी लगेच फेरफार घालतो का, तसंच हे.

फेरफाराची सोय आहे, टेकओन नावाची कमांड. ती अॅडमिन म्हणून चालवायची आणि जुन्या डिस्कवरच्या फक्त आपल्या फोल्डरला लावायची, असं शहाणी माणसं सांगतात. तुम्ही कशाला ऐकताय. जुनी डिस्क ई दिसतेय का एफ, असल्या बारकाव्यात न शिरता सरळ सी ड्राइव्ह लिहा, म्हणजे जुनी डिस्क राहते बाजूला आणि नव्या लॅपटॉपमधल्या, ट्रस्टेडइन्स्टॉलरच्या (विंडोजच्या स्वतःच्या खात्याच्या) ताब्यातल्या सिस्टम फायलींचे मालक तुम्ही होता. अपडेट बिघडलं तर विंडोजला शिव्या घालायला आपण मोकळे. आणि बरोबर फोल्डरवर लावलीत तरी मालक झालात म्हणून आत जाता येईलच असं नाही, सातबारा तुमचा नि कब्जा चुलत्याचा हे आपल्याकडे कुणाला नवीन नाही, त्यासाठी मग आयकॅक्ल्स नावाच्या दुसऱ्या कमांडने वेगळी परवानगी द्यावी लागते. ती देताना स्वतःचं नाव टाकायचा कंटाळा करा, सरळ एव्हरीवन, फुल कंट्रोल, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं. गणपतीत घर भरलं की कुणा पोराने त्याच मशीनवर गेम शोधता शोधता बागेचा हिशोब उडवला तर निदान परवानगीची अडचण आली नाही ना.

एक साधा मार्ग आहे, पण त्यात राम नाही. जुना जिवंत असतानाच त्यावर आपल्या अकाउंटने लॉगिन करायचं, एक्सफॅटमध्ये (ड्राइव्हवर फायली मांडायची एक पद्धत) फॉरमॅट केलेल्या बाहेरच्या ड्राइव्हवर फायली कॉपी करायच्या, आणि नव्याच्या डॉक्युमेंट्समध्ये टाकायच्या. एक्सफॅट या परवानग्या साठवतच नाही, त्यामुळे जुना मालक वाटेतच गळतो आणि नव्या जागी नव्या फोल्डरची परवानगी लागू होते. झालं, संपलं. यात कसली गंमत? अगदीच करायचं तर निदान एफएटी३२ वाला जुना पेनड्राइव्ह तरी घ्या, त्यात ४ जीबीच्या वरची एक फाईल जात नाही, म्हणजे ताईच्या लग्नाचा व्हिडिओ तरी मागे राहील.

आणि हो, एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असं फायलींना घातलेलं कुलूप. फाईलवर छोटंसं कुलूप दिसत असेल तर त्याची किल्ली असलेलं सर्टिफिकेट एक्सपोर्ट करून ठेवायचं विसरा, मग मालकी घेऊनसुद्धा फाईल उघडत नाही. पूर्ण डिस्कला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं अख्ख्या डिस्कचं कुलूप, असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती कुठे ठेवायची? विंडोज त्याच लॉक होणाऱ्या ड्राइव्हवर सेव्ह करू देत नाही, पण आपण काय कमी आहोत, प्रिंट म्हणायचं, पीडीएफ करायची आणि नेमकी तिथेच, डॉक्युमेंट्समध्ये, ‘महत्त्वाचं’ नावाच्या फोल्डरात ठेवून द्यायची.