गाणे पळवण्याची कला

मराठवाड्यात नवे एफएम केंद्र काढण्याचा आपला विचार असेल, तर गाण्यांचा संग्रह, गोड गळ्याचे निवेदक असल्या किरकोळ बाबींत वेळ न दवडता आपण आधी तीन टक्क्यांचे गणित समजून घ्यावे. चार मिनिटांचे, म्हणजे २४० सेकंदांचे गाणे तीन टक्के अधिक वेगाने वाजवले की ते २३३ सेकंदांत आटोपते. तासाला अशी बारा गाणी धरली तर ८४ सेकंद सुटतात, आणि त्यांत दहा-दहा सेकंदांच्या आठ जाहिराती बसून वर चार सेकंद उरतात. त्या चार सेकंदांत ‘आमच्याकडे गाणी थांबतच नाहीत’ असे अभिमानाने सांगावे. ते खोटेही नसते.

यात मनाला टोचणी लावून घेण्यासारखे काही नाही, कारण ही वाट थोरामोठ्यांनी घालून दिलेली आहे. अमेरिकेतील काही लोकप्रिय केंद्रे १९७० च्या दशकातच मिनिटाला ४५ फेऱ्यांची तबकडी मुद्दाम थोडी जलद फिरवीत असत. गाणे चटपटीत वाटे, आणि श्रोत्याने काटा सरकवून दुसरे केंद्र लावले की तेच गाणे त्याला तिथे पेंगुळलेले वाटे.

गाणे पळवले की सूरही चढतो, अशी शंका एखादा जाणकार काढील. सहा टक्क्यांना अर्धा सूर चढतो, त्या हिशेबाने तीन टक्क्यांना पाव. आणि पाव सुरासाठी कोणी फोन करीत नाही. सूर जागेवर ठेवून नुसती लांबी कमी करणारी सोय संगणकावर आहे, पण ती हवीच कशाला? आमच्या भागाचे कान भारनियमनाने घडवलेले आहेत. टेपचे सेल उतरत आले की गायिकेचा गायक होई, आणि तेच सेल उन्हात वाळवून पुन्हा घातले की कडव्यापुरती ती परत येई. तरी आम्ही कधी तक्रार केली नाही.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे: जाहिरात पळवू नये. बियाण्याचा व्यापारी आपले दहा सेकंद घड्याळ लावून मोजतो, गाण्याचा संगीतकार मोजायला येत नाही. (म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीतील जोखमीची सूचना याला अपवाद आहे, ती ज्या वेगाने म्हटली जाते, त्यापुढे आपले तीन टक्के म्हणजे बैलगाडीच.)

तरीही एखादा श्रोता अडचणीचा निघतो. परभणीला आमच्या गल्लीतील भजनी मंडळाचे पेटीवाले काका रोज सकाळी रेडिओबरोबर पेटी वाजवतात. एका केंद्रावर लागणारे, त्यांना पाठ असलेले काळी एकमधले गाणे हल्ली काळी एकलाही जुळेना आणि पांढरी दोनलाही. ते नेमके दोन पट्ट्यांच्या फटीत जाऊन बसले होते. तबला असता तर हातोडीने चढवता आला असता, तानपुऱ्याची खुंटी पिळता आली असती, पण पेटीला ती सोय नाही. आपलीच पेटी उतरली असे समजून काका ती पोत्यात गुंडाळून दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. त्याने भाता हलवून एकेक पट्टी दाबून पाहिली आणि म्हणाला, “काका, पेटी सुरात हाय. रेडिओ दाखवा कोन्हाला तरी.”

अशा श्रोत्याशी वाद घालू नये. त्यांचा रेडिओ जुना झाला असल्याचे आदराने सांगावे, आणि गावातील एखाद्या रेडिओच्या दुकानदाराला सुटलेल्या ८४ सेकंदांतील दहा विकून टाकावेत.