जेनेरिक गोळी आणि भरपाईचा हक्क : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अमेरिकेत बाजारातून मागे घेतलेल्या वेदनाशामकांवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. औषध मागे घेणे हीच कंपनीची कबुली असताना मी रुग्णांना पुराव्याची आणि मुदतीची भीती का घालतो, हा पहिला. आणि औषध तेच असताना जेनेरिक घेणाऱ्याला ‘जवळजवळ वाट नाही’ असे सांगणे म्हणजे कंपन्यांची तळी उचलणे होय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर थोडक्यात देतो. दुसऱ्यात आपले म्हणणे अंशतः बरोबर असल्याने तिथे जरा थांबावे लागेल.

तेथील संघीय न्यायालयांच्या पुराव्याच्या नियमांतील 407 वा नियम सांगतो की, अपाय घडून गेल्यावर योजलेला उपाय हा दोषाचा पुरावा म्हणून मांडता येत नाही, कारण तसे असते तर उपाय योजायला कोणी धजलेच नसते. मर्क या औषध कंपनीने 30 सप्टेंबर 2004 रोजी व्हायॉक्स हे वेदनाशामक मागे घेतले आणि 2007 मध्ये 4.85 अब्ज डॉलरची तडजोडही केली, पण दोष मान्य केला नाही. त्या तडजोडीतही रुग्णाला हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात, आणि त्या सुमारास गोळ्या घेतल्याची नोंद, दोन्ही दाखवावे लागले. टेक्सासमधील ज्युरीने (खटल्यातील नागरिक-पंचांनी) 2005 मध्ये मंजूर केलेली सुमारे 25 कोटी डॉलरची भरपाई 2008 मध्ये अपिलात रद्द झाली, ती मृत्यूचा गोळीशी संबंध पुरेसा सिद्ध झाला नाही म्हणूनच. दावा दाखल करण्याच्या मुदतीचे म्हणाल, तर ती टेक्सासमध्ये सर्वसाधारणपणे 2 वर्षे आणि न्यूयॉर्कमध्ये 3 वर्षे आहे. हे न सांगणे हाच रुग्णावर अन्याय ठरला असता.

आता जेनेरिकचा मुद्दा. 2009 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, एफडीएची (तेथील औषध-नियामक संस्थेची) मान्यता असली तरी धोक्याची पुरेशी सूचना न दिल्याबद्दल मूळ ब्रँडच्या कंपनीवर दावा चालू शकतो. 2011 मध्ये मात्र त्याच न्यायालयाने जेनेरिक उत्पादकांना या दाव्यातून सोडवले, कारण त्यांचे लेबल मूळ औषधासारखेच ठेवण्याची कायद्याची सक्ती आहे आणि ते स्वतःहून त्यात बदल करू शकत नाहीत. 2013 चा निकाल तर वेदनाशामकाचाच होता. खांदेदुखीसाठी जेनेरिक सुलिंडॅक घेतलेल्या एका स्त्रीची जवळजवळ दोन तृतीयांश त्वचा गेली, दृष्टी अधू झाली, ज्युरीने 2.1 कोटी डॉलर दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने ते 5 विरुद्ध 4 मतांनी काढून घेतले. डार्व्होसेट हे वेदनाशामक आणि त्यातील प्रोपॉक्सिफिन हा घटक 2010 मध्ये हृदयाच्या ठोक्यांवरील परिणामामुळे मागे घेतले गेले, तेव्हा केंटकी राज्यात एकत्र केलेले बहुतेक दावे याच खडकावर फुटले आणि 2014 मध्ये अपील न्यायालयानेही ते फेटाळणे योग्य ठरवले. हे न्याय्य आहे असे मी म्हटले नव्हते, आजही म्हणत नाही. औषधाच्या दुकानदाराने कोणती बाटली उघडली यावर माणसाचा हक्क ठरावा, ही गोष्ट मलाही पटत नाही.

तरीही ‘जवळजवळ वाट नाही’ हे शब्द सैल होते, हे मान्य. मूळ ब्रँडने लेबलात नवी सूचना घातल्यावरही जेनेरिक उत्पादकाने ती घातली नसेल, तर काही न्यायालये तो दावा ऐकतात. एखाद्या बॅचमध्ये भेसळ किंवा चुकीची मात्रा असेल, तर तो उत्पादनातील दोष असतो आणि तिथे लेबलाची ही अडचण बहुधा आडवी येत नाही. शिवाय जेनेरिक घेतलेला रुग्णही मूळ ब्रँडच्या कंपनीवर दावा करू शकतो, हे कॅलिफोर्नियाने 2017 मध्ये आणि मॅसॅच्युसेट्सने 2018 मध्ये मान्य केले, यांपैकी दुसऱ्या राज्याने मात्र कंपनीच्या बेपर्वाईची अट घालून. (बहुसंख्य राज्यांनी हे मानलेले नाही.) डॉक्टरांनी ज्ञात धोका दुर्लक्षित केला असेल, तर निष्काळजीपणाचा दावा वेगळाच उभा राहतो.

म्हणून वकिलाकडे जाण्याआधी औषधाच्या दुकानातून आपल्या खरेदीची जुनी नोंद मागवावी. तिच्यातील एनडीसी या औषध-ओळख क्रमांकावरून गोळी कोणत्या कंपनीची होती हे कळते. लेखातील ‘जवळजवळ वाट नाही’ हे वाक्य मी आज दुरुस्त केले आहे.