सामासिक अंतरात बसवा

कारखान्याची शेड उभी करायला फार दिवस लागत नाहीत. खांब आणि छताच्या तुळया, म्हणजे राफ्टर, पर्लिन, भोकं पाडून, रंग मारून ट्रकमधून येतात. साइटवर क्रेन लावायची आणि नटबोल्ट आवळायचे. त्याच शेडचा नकाशा महापालिकेतून मंजूर व्हायला किती दिवस लागतील, हे मात्र कुठलाही वास्तुविशारद लेखी देत नाही. तोंडी विचारलं तर आम्ही लोक छताकडे बघतो आणि "कागदपत्रं पूर्ण असली तर..." एवढंच म्हणतो. हे वाक्य आजवर कुणीही पूर्ण केलेलं नाही.

मुंबईचं आणि एमआयडीसीचं सोडा, त्यांचे नियम वेगळे. बाकी महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांना डिसेंबर २०२० पासून बांधकामासाठी एकच एकात्मिक नियमावली आहे. आम्ही तिला यूडीसीपीआर म्हणतो आणि बायबलसारखी टेबलावर ठेवतो, म्हणजे वाद झाला की शपथ घ्यायला बरी. तिच्यातल्या एरिया स्टेटमेंटची, म्हणजे क्षेत्रफळाच्या तक्त्याची, पहिलीच नोंद माणसाला जमिनीवर आणते. मालकीच्या कागदाप्रमाणे, मोजणीप्रमाणे आणि प्रत्यक्ष जागेवर अशी तीन क्षेत्रफळं लिहायची आणि त्यातलं सर्वांत कमी धरायचं. एकाच प्लॉटची तीन क्षेत्रफळं असणार, हे सरकारने छापील गृहीत धरलंय यातच त्याचा अनुभव दिसतो.

शेठ म्हणतात, "एक एकर आहे आपलं." एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, म्हणजे ४०४७ चौरस मीटर. सातबाऱ्यावर असतं ०.४० हेक्टर, म्हणजे बरोबर ४०००. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा आणि आर १०० चा, पण बोलताना दोन्ही एकच मानायची आपल्याकडे पद्धत आहे. तेवढ्यात ४७ चौरस मीटर गेले. पार्किंगच्या अडीच बाय पाचच्या मापाने पावणेचार मोटारी. मग सरकारी मोजणीच्या नकाशाची क प्रत येते आणि तिच्यात निघतात, समजा, ३९८५. शेठ हळहळतात, आम्ही मनातल्या मनात पेढे वाटतो. कारण ४००० किंवा जास्त क्षेत्र असलं की १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते. पंधरा मीटर हरवले आणि चारशे वाचले! अर्थात छाननी करणारेही काल जन्मलेले नसतात. मोठ्या गटातून हा तुकडा नंतर पाडलाय का हे बघायला ते जुने सातबारे आणि फेरफार मागतात, आणि ते तलाठी कार्यालयात अशा कपाटात असतात ज्याची किल्ली रजेवर असते.

क्षेत्राचं ठरलं की नकाशा संगणकाच्या तोंडी द्यायचा. हल्ली पहिली तपासणी सॉफ्टवेअर करतं. त्याला सौंदर्य कळत नाही, फक्त लेअर, म्हणजे नकाशाचे एकावर एक थर, कळतात. प्लॉटची हद्द या लेअरवर, इमारतीची बाह्यरेषा त्या लेअरवर, जिना तिसऱ्यावर, आणि प्रत्येक आकार म्हणजे बंद पॉलिलाइन, जिथून निघाली तिथेच येऊन मिळणारी सलग रेषा. कोपऱ्यात एक मिलिमीटरची फट राहिली तर सॉफ्टवेअरच्या मते तिथे खोलीच नाही. एकावर एक दोन रेषा पडल्या तर खोल्या दोन, आणि एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राशी बांधकामाचं प्रमाण, दुप्पट. सर्वांत मोठी मौज एककांची. आपण नकाशा काढतो मिलिमीटरमध्ये आणि तपासणी होते मीटरमध्ये. ६० मीटरची शेड म्हणजे ६०००० मिलिमीटर. रूपांतर न करता अपलोड केलीत तर ती होते ६० किलोमीटरची. पुण्यात सुरू होऊन लोणावळ्याच्या थोडी अलीकडे संपते. सॉफ्टवेअर हे पाहून दचकत नाही. ते शांतपणे कळवतं, "मागील सामासिक अंतर अपुरे."

आणि इथे आपण खऱ्या रणभूमीवर येतो.

सामासिक अंतर म्हणजे इमारत आणि प्लॉटची हद्द यांच्यामध्ये चारी बाजूंनी सोडायची मोकळी जागा. आम्ही त्याला मार्जिन म्हणतो. मोठ्या व्यापारी किंवा औद्योगिक इमारतीला ते साधारण सहा मीटरच्या घरात जातं, कारण तिथून अग्निशमनाचा बंब फिरला पाहिजे. नुसता फिरून चालत नाही. वळताना त्याला नऊ मीटरची त्रिज्या लागते आणि खालची जमीन ४५ टनांचं वजन पेलणारी लागते. हे सगळं रास्त आहे. आग लागली की बंब दारात अडकलेला कुणालाच नको असतो.

पण मोकळी जागा म्हटली की ती प्रत्येक खात्याला दिसते. पाणीपुरवठावाले विचारतात, जमिनीखालची टाकी कुठे? सामासिक अंतरात बसवा. बसवली, तर बंब टाकीवरून जाणार, म्हणून टाकीचा स्लॅबही बंबाच्या वजनाचा. सांडपाणीवाले विचारतात, सेप्टिक टँक कुठे? तोही तिथेच, फक्त पिण्याच्या टाकीपासून लांब. रेन वॉटर हार्वेस्टिंगचा शोषखड्डाही तिथेच, पण सेप्टिक टँकपासून लांब, नाहीतर भूजलाचं पुनर्भरण भलत्याच द्रवाने व्हायचं. महावितरणला ट्रान्सफॉर्मर रस्त्याच्या बाजूला हवा, आपल्या गेटमधून आत न येता हात पोचेल असा. वरून ११ केव्हीची लाइन जात असेल तर तिच्यापासून आडवं १.२ आणि उभं ३.७ मीटर अंतर राखायचं. नकाशात ती दाखवायची विसरलात तर कनिष्ठ अभियंता साइटवर आल्या आल्या पहिल्यांदा आकाशाकडेच बघतो. दुचाकीला एक बाय दोन, मोटारीला अडीच बाय पाच, मालट्रकला पावणेचार बाय साडेसात. तेही सामासिक अंतरातच, बंबाचा रस्ता मोकळा ठेवून.

मग रॅम्प. दिव्यांगांसाठी उतार १:१२ पेक्षा तीव्र चालत नाही. दुकानांच्या इमारतीचं जोतं ६० सेंटिमीटर असेल तर रॅम्प ७.२ मीटर, कुठेतरी वळवून मावतो. पण गोदामात ट्रकच्या हौद्याची उंची सांभाळायला फरशी १.२ मीटर वर घेतात. म्हणजे रॅम्प १४.४ मीटर, शिवाय मध्ये सपाट टप्पा. एवढं लांब काहीतरी मावेल अशी प्लॉटवर एकच जागा उरलेली असते. ती कुठली, हे सांगायला नको. आणि अग्निशमन अधिकारी नेमकं त्याच्यावरच लाल पेनाने वर्तुळ काढतात.

एवढं सगळं बसलं की वृक्ष अधिकाऱ्यांना दिसतं ते झाड. बंबाच्या वळणाच्या बरोबर मध्यभागी कडुनिंब असणं हा निसर्गनियम आहे. १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली परवानगी, पंचनामा, भरपाईची रोपं हे सगळं आलंच. माझं प्रामाणिक मत असं, की झाड हलवण्यापेक्षा इमारत हलवावी. ती अजून कागदावर आहे, कडुनिंब नाही.

यातली एकही मागणी चुकीची नाही, हीच पंचाईत आहे. प्रत्येक खातं आपल्यापुरतं शंभर टक्के बरोबर असतं आणि प्रत्येकाच्या टेबलावर त्या सहा मीटरचा वेगळा नकाशा असतो. अग्निशमनाला दिलेल्या नकाशांच्या सेटमध्ये जिथे नुसता डांबरी रस्ता आहे, तिथे ड्रेनेजच्या सेटमध्ये चेंबरची रांग आहे आणि उद्यान विभागाच्या सेटमध्ये बाग आहे. कारखाना असेल तर औद्योगिक सुरक्षा संचालनालयाचा सेट वेगळा, त्यात यंत्रांची जागा दाखवावी लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेची संमती वेगळी. यावर उपाय एकच आणि तो फार कंटाळवाणा आहे. सगळं एका मास्टर नकाशावर आधी बसवायचं, प्रत्येक पत्रकावर रिव्हिजन क्रमांक आणि तारीख टाकायची आणि एका खात्याने चेंबर दोन मीटर सरकवायला सांगितला की बाकीच्या सगळ्यांचे सेट त्याच दिवशी बदलायचे. हे जो करत नाही त्याला अंतिम अग्निशमन दाखल्याच्या वेळी कळतं, की तात्पुरत्या दाखल्यावर शिक्का असलेला नकाशा आणि महापालिकेने मंजूर केलेला नकाशा या दोन वेगळ्या इमारती आहेत.

कारखान्यांचा विषय निघालाच आहे तर एक आवडती तरतूद सांगतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने दर कामगारामागे १४.२ घनमीटर जागा ठरवली आणि हिशेब करताना फरशीपासून ४.२ मीटरच्या वरची हवा धरायची नाही असं बजावलं. नऊ मीटर उंच शेडमधली अर्ध्याहून जास्त हवा अशी बिनकामाची ठरते. ती बांधायला पैसे लागतात, थंड करायला वीज लागते, हिशेबात मात्र ती कबुतरांची.

विमानतळाचा ना हरकत दाखला हे वेगळंच प्रकरण. त्यात इमारतीच्या माथ्याची परवानगी समुद्रसपाटीपासून दिलेली असते. पुण्यात एखाद्याच्या हातात "६२० मीटर" असं लिहिलेला कागद पडतो आणि शेठना बुर्ज खलिफाच्या पाऊणपट इमारतीची स्वप्नं पडू लागतात. प्लॉटच मुळी ५७५ मीटरवर आहे, हे त्यांना हळूच सांगावं लागतं. उरले ४५. त्यातून लिफ्टची खोली, पाण्याची टाकी, वीजवाहक सळई आणि मोबाइल कंपनीला भाड्याने द्यायचा ठरवलेला टॉवर वजा करा.

पैशांचं थोडक्यात सांगतो, कारण तो विषय वाढवला की वाचणाऱ्याला घाम फुटतो. छाननी शुल्क, विकास शुल्क, अनामत, बांधकाम खर्चाच्या एक टक्का कामगार उपकर. पूर्वी जिना, लिफ्ट, बाल्कनी अशा गोष्टी एफएसआयमधून वगळून मिळायच्या आणि त्या वगळण्यावर वाद व्हायचे. आता सगळं मोजायचं आणि त्या बदल्यात निवासी इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत, बिगरनिवासीला ८० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक, म्हणजे या गोष्टींसाठीचा जादा, एफएसआय अधिमूल्य भरून घ्यायचा. वाद संपले, चलनं वाढली. जोडीला हमीपत्रं. टाकीत डास होऊ देणार नाही, पार्किंगमध्ये दुकान काढणार नाही, जागेच्या मालकीचा वाद निघाला तर महापालिकेला ओढणार नाही. पूर्वी ही वचनं शंभराच्या स्टॅम्पवर मिळायची; ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा लागतो. वचन तेच.

आता साठ दिवसांची गोष्ट. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ मध्ये लिहिलंय, की नियमात बसणाऱ्या प्रस्तावावर साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानायचं. हे वाचून नवखा माणूस कॅलेंडर घेऊन बसतो. मुरलेला माणूस आवक क्रमांक घेऊन बसतो. कारण दिवस मोजायचे ते सगळी कागदपत्रं पूर्ण असलेल्या अर्जापासून, आणि अर्ज पूर्ण आहे की नाही हे तुम्ही ठरवत नाही. शेवटच्या आठवड्यात त्रुटीपत्र येतं. त्यात नवीन काही नसतं: "उत्तर दिशा दर्शविलेली नाही", "पाडावयाचे बांधकाम पिवळ्या रंगात दाखवावे", "पोहोच रस्त्याच्या रुंदीचा पुरावा जोडावा". पहिल्या दोन त्रुटी पाच मिनिटांच्या आहेत. तिसरी मात्र जीवघेणी. एफएसआय, उंची, पुढचं अंतर, सगळं रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, आणि तीही आज जागेवर दिसणारी रुंदी नव्हे. विकास आराखड्यात रस्ता १८ मीटरचा असेल आणि जागेवर नऊचा, तर पुढचं सामासिक अंतर उद्याच्या रस्त्याच्या कडेपासून मोजायचं. म्हणून प्लॉट घेण्याआधी शंभरदा सांगतो, वास्तुशास्त्र नंतर बघा, आधी झोन दाखला आणि रस्त्याची आखणी काढा. ईशान्य कोपरा रस्तारुंदीत गेल्यावर तिथे देवघर करून उपयोग नाही.

प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, हाती आलं की पेढे येतात. ते एकाच वर्षासाठी असतं आणि मुदतवाढ मागून घ्यावी लागते, हे पेढ्यांसोबत सांगितलं तर कुणी ऐकत नाही. जोत्याची तपासणी त्यातल्या त्यात सुखाची. खांब ठरल्या जागी आहेत का, एवढंच बघायचं असतं, आणि खड्डे खणताना लागलेल्या कातळाला चुकवून ठेकेदाराने एक रांग अर्धा मीटर सरकवली नसेल तर ते असतातही.

खरी फजिती भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे इमारत वापरायच्या परवानगीच्या, वेळी जिन्यावर होते. नकाशात व्यापारी इमारतीचा जिना दीड मीटर रुंद, पायरी ३०० मिलिमीटर, उंची १५०. पण दीड मीटर हे वीटकामाच्या आतलं माप धरून बांधलं की दोन्हीकडून वीस-वीस मिलिमीटर प्लास्टर खातं, वर डाडो टाइल, मग शेठच्या चिरंजीवांना आवडलेला स्टीलचा जाडजूड कठडा. टेप लावल्यावर निघतात एक मीटर छत्तीस. वीटकामातच दहा-पंधरा सेंटिमीटर जास्त सोडा, हे आम्ही प्रत्येक नकाशावर टीप म्हणून लिहितो. टीपा अंगठ्याएवढ्या चौकटीत असतात आणि ठेकेदाराला जवळचा चष्मा असतो, पण तो घरी.

जिना निभावला, अग्निशमनाचा अंतिम दाखला आला, आगीच्या नळात दाब राखणारा जॉकी पंप चालू दाखवला, रोपांचे फोटो जोडले, की भोगवटा मिळतो. इमारत भाड्याने जाते. भाडेकरूच्या लक्षात येतं की शेड नऊ मीटर उंच आहे आणि माल तीन मीटरपर्यंतच रचलाय. तो रविवारी वेल्डर बोलावून पोटमाळा टाकतो. पुढे त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची, विनापरवाना बांधकामाची नोटीस मालकाच्या नावे येते आणि मालकांचा फोन आमच्याकडे.

"साहेब, नियमित होईल ना?"

होतं. एफएसआय शिल्लक असेल, भारासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर सही करत असेल आणि शुल्क भरायची तयारी असेल तर होतं. फक्त माळ्यावरच्या कुठल्याही कोपऱ्यातून बाहेर पडायच्या दारापर्यंतचं अंतर गोदामाला तीस मीटरच्या आत लागतं, म्हणजे बाहेरून आणखी एक जिना द्यावा लागेल.

"देऊ की. कुठे बसवायचा?"