सॉफ्टवेअर घेतलं की सप्लाय चेन ग्रीन? थांबा जरा

भोसरी-चाकणच्या व्हेंडर ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय, की सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, आता प्रत्येक छोट्या वर्कशॉपला कार्बनचा रिपोर्ट कम्पल्सरी केलाय आणि सॉफ्टवेअर घेतलं की काम झालं, माणसांची गरजच नाही. दोन्ही चूक आहे.

सेबीचा बीआरएसआर रिपोर्ट, म्हणजे कंपनीने पर्यावरण आणि समाजाबाबत काय केलं त्याचा वार्षिक हिशेब, मार्केट कॅपप्रमाणे टॉप १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून कम्पल्सरी आहे, आपल्या शेडला नाही. हां, त्यातल्या काही कंपन्या आपल्याकडे डिझेल, लाईटबिल, स्क्रॅपचे आकडे मागतात ते खरंय, कारण सप्लायरचं उत्सर्जन त्यांच्या स्कोप ३ मध्ये, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या कामाबाहेर पण तिच्यासाठी झालेल्या उत्सर्जनात, धरलं जातं.

राहिलं सॉफ्टवेअर, तर ते गुणाकार करतं, एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड, बास. पण लिटर किती ते कोणीतरी माणूसच भरणार ना! आमच्याकडे एकदा टेम्पोचं डिझेल सॉफ्टवेअरच्या डॅशबोर्डवर अचानक निम्मं दिसलं, साहेब खूश, नंतर कळलं की नाईट शिफ्टची पंपाची बिलं टेम्पोच्या डॅशबोर्डवरच पडून होती, काचेखाली, उन्हाने पिवळी झालेली.

आणि खरी बचत कुठनं झाली, तर स्टोअरच्या एका पोराने विचारलं की माल टाकून येणारी गाडी रिकामी का आणायची, रिकामे क्रेट त्यातच टाका की. क्रेट परत येऊ लागले तसे पुठ्ठ्याचे बॉक्स बंद झाले, क्रेटची वेगळी फेरीपण वाचली. जीपीएसवर ती रिकामी गाडी रोज दिसत होती म्हणा, बघत कोणी नव्हतं.